रात्रीचं थेट प्रसारण बंद करून ध्वनिमुद्रणं लावताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी सात पत्रं एकाच विषयावरची आहेत. खर्च परवडत नाही म्हणून रात्री ११ ते पहाटे ५ चे थेट कार्यक्रम बंद करायचे आणि दिवसाची ध्वनिमुद्रणं पुन्हा लावायची, असा हा विषय. काही पत्रं केंद्र चालवणाऱ्यांची आहेत, काही ऐकणाऱ्यांची. म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी, जालिहाळची येरळा वाणी आणि सांगलीची आकाशवाणी यांच्यामुळे आपल्या भागाला रेडिओची सवय आहे, म्हणूनच हे प्रश्न इतक्या आपुलकीने येतात. केंद्रांची आणि माणसांची नावं आम्ही छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या संस्थेचं सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. रात्रपाळीला निवेदकाला ६०० आणि तंत्रज्ञाला ५०० रुपये मानधन देतो. पुनःप्रसारण सुरू केलं तर महिन्याला ३३ हजार वाचतील, असं समितीत सांगितलं गेलं. हिशोब बरोबर आहे का? (सातारा जिल्हा)

गुणाकार बरोबर आहे, पण हिशोब अर्धाच झालाय. ११०० गुणिले ३० म्हणजे ३३ हजार. त्यात स्टुडिओच्या एसीची बचत मिळवा. दीड टनाचा एसी तासाला सरासरी १.२ युनिट खातो असं धरलं, तर सहा तासांचे ७ युनिट, महिन्याचे सव्वादोनशेच्या आत. तुमच्या वीजदराने साधारण दोन हजार रुपये होतील. प्रक्षेपकाच्या (ट्रान्समीटरच्या) विजेत मात्र एक पैसाही वाचत नाही, कारण ध्वनिमुद्रण लावलं तरी प्रक्षेपक चालूच राहतो. ५० वॉटचा प्रक्षेपक मेन्समधून सव्वाशे-दीडशे वॉट घेतो, म्हणजे रात्रभरात जेमतेम एक युनिट. 'वीज वाचेल' हे कारण समितीत कुणी पुढे केलं, तर त्यांना हा आकडा दाखवा.

आता वजाबाकी. दिवसाचं ध्वनिमुद्रण जसंच्या तसं रात्री लावता येत नाही. ते कापून तयार करायला रोज दीड-दोन तास कुणीतरी बसावं लागतं. त्याचे दिवसाला ३०० धरले तर महिन्याचे नऊ हजार. रात्री काही बिघडलं तर दहा मिनिटांत पोहोचणारा माणूस बांधून ठेवावा लागतो. त्याला रात्रीचे १०० रुपये दिले तर आणखी तीन हजार. म्हणजे खरी बचत २३ हजारांच्या आसपास येते. रात्रीच्या कार्यक्रमाला एखादा प्रायोजक असेल, तर तो टिकतो का हे आधी विचारून घ्या.

२३ हजार ही लहान केंद्राला मोठी रक्कम आहे, आणि ती वाचवण्यात गैर काही नाही. पण ही दोन वजाबाकीची कलमं उडवून पूर्ण ३३ हजार वाचवायला गेलात, तर पुढच्या तीन पत्रांत लिहिलेलं सगळं तुमच्या वाट्याला येईल.

प्रश्न : आमच्या भागात शेतीपंपाची वीज काही दिवस रात्री असते. दारं धरायला गेलं की खिशात रेडिओ असतोच. हल्ली रात्री दीड वाजता निवेदिका म्हणते, 'आता सव्वासात झालेत, फोन करा.' फोन लावला तर कुणी उचलत नाही. हे काय चाललंय? (पलूस तालुका)

संध्याकाळचा कार्यक्रम न कापता रात्री लावलाय. याला तांत्रिक बिघाड म्हणता येणार नाही, हा आळस आहे, आणि तुमची तक्रार रास्त आहे. अंधारात, पाण्यात उभा असलेला माणूस फोन लावतो आणि पलीकडे घंटा वाजत राहते, यापेक्षा श्रोत्याचा मोठा अपमान नाही. केंद्राला हे पत्र जरूर पाठवा.

केंद्रांसाठी थोडं सविस्तर लिहितो. हे कापाकापीचं काम मुद्रणाच्या वेळीच निम्मं करता येतं. वेळ, वार, तारीख, 'आज', 'उद्या', हवामान, बाजारभाव, स्पर्धा आणि फोनचं आवाहन ही सगळी 'घड्याळाची वाक्यं'. निवेदकाने ती मुलाखतीच्या किंवा गाण्याच्या मधोमध बोलू नयेत. गाणं पूर्ण संपल्यावर, एका श्वासाचा थांबा घेऊन बोलावीत. तेवढा एक सेकंद शांत मिळाला की दुसऱ्या दिवशी कात्री चालवणं सोपं जातं. गाण्याच्या सुरुवातीच्या संगीतावर बोललेलं वाक्य काढता येत नाही, त्यासाठी आख्खं गाणं बदलावं लागतं. निवेदकाचा माईक वेगळ्या ट्रॅकवर मुद्रित होत असेल तर उत्तमच, मग त्या ट्रॅकवरचं तेवढंच वाक्य पुसता येतं.

क्यू-शीटवर, म्हणजे कार्यक्रमाच्या क्रमाच्या कागदावर, निवेदकाने अशा प्रत्येक वाक्यापुढे मिनिट-सेकंद लिहून फुली मारायची. कापणाऱ्याला मग तासाभराचा कार्यक्रम पूर्ण ऐकावा लागत नाही, फुल्या पाहून काम होतं. ही सवय नसेल तर एका तासाच्या कार्यक्रमाला एक तासाहून जास्त वेळ जातो आणि आठवड्याभरात माणूस कंटाळून 'जाऊ दे तसंच' म्हणतो. पलूसकरांना ऐकू आलेलं सव्वासात बहुतेक तिथूनच आलंय.

कापल्यावर तासाचे ५०-५२ मिनिटं उरतात. उरलेली जागा फिलरने भरा, पण प्रत्येक वेळी त्याच सनईने नको. सुरुवातीला आणि दर अर्ध्या तासाला स्वच्छ सांगा की हे पुनःप्रसारण आहे आणि आत्ता फोन घेतले जाणार नाहीत. संदेश ध्वनिमुद्रित करून ठेवायची सोय असेल तर तो क्रमांक द्या, नसेल तर क्रमांकच देऊ नका.

वेगवेगळ्या दिवशीच्या मुद्रणांचा आवाज कमीजास्त असतो. रात्री कानाशी लावलेल्या रेडिओवर तो फरक फार बोचतो. सगळ्या फायली एकाच पातळीवर आणा. उणे २३ एलयूएफएस (आवाजाचा मोठेपणा मोजायचं एकक) घ्या किंवा तुमच्या केंद्राची दुसरी ठरलेली पातळी घ्या, पण ती सगळ्यांना एकच असू द्या.

प्रश्न : पुनःप्रसारणासाठी किती तासांचा साठा लागेल? श्रोते 'तेच तेच' म्हणून ओरडतात. (तासगाव)

सहा तासांची रात्र म्हणजे आठवड्याला ४२ तास. रोज चार तास नवी निर्मिती असेल तर आठवड्याचे २८ तास होतात. त्यातून बाजारभाव, सूचना, स्पर्धा वगळल्यावर वापरण्याजोगे वीसेक उरतात. म्हणजे दर कार्यक्रम आठवड्यात दोनदा वाजणार. ओरड होणारच.

रात्रीचा श्रोता रोज तोच असतो असंही नाही. कुपवाड-मिरजेच्या एमआयडीसीतली तिसरी पाळी आठवड्याने बदलते, शेतीची वीज दिवसा-रात्री फिरते, मिरजेच्या दवाखान्यांतल्या परिचारिकांच्या रात्रपाळ्या ठरावीक दिवसांच्या असतात. माणूस रात्री जागा असतो तो सलग पाच-सहा रात्री, मग दोन आठवडे नाही. म्हणून नियम असा करा की एक फाइल तीन आठवड्यांत एकदाच वाजेल. तीन आठवड्यांनी ती परत आली तरी फारसं कुणाला जाणवत नाही. त्यासाठी तीन आठवड्यांचा, म्हणजे सव्वाशे तासांचा साठा हवा. १९२ केबीपीएस एमपी३मध्ये एक तास सुमारे ८६ एमबी होतो, म्हणजे सगळा साठा ११ जीबीच्या आत बसतो. जागेची अडचण नाही, अडचण निवडीची आहे.

तासगावहून प्रश्न आलाय म्हणून द्राक्षाचंच उदाहरण घेऊ. ऑक्टोबर छाटणीनंतरच्या डाऊनी (केवडा) रोगावरची उत्तम मुलाखत एप्रिलच्या खरड छाटणीच्या वेळी लावली, तर ती निरुपयोगी तर आहेच, वर गोंधळात टाकणारी आहे. फवारणीच्या औषधांची नावं, प्रमाण आणि काढणीपूर्वी किती दिवस फवारू नये हे सांगणारा कार्यक्रम तर एका हंगामापलीकडे ठेवूच नका. शिफारशी बदलतात, औषधांवर बंदी येते, आणि निर्यातीच्या मालात अंश सापडला तर शेतकऱ्याचं वर्ष जातं. उसातही तेच. आडसालीची लागण जुलै-ऑगस्टची, तिचा सल्ला सुरू उसाच्या वेळी म्हणजे डिसेंबर-जानेवारीत लावून काय उपयोग?

म्हणून प्रत्येक फाइलच्या नावातच विषय, मुद्रणाची तारीख आणि संपण्याची तारीख लिहा. यादीप्रमाणे आपोआप कार्यक्रम लावणाऱ्या बहुतेक ऑटोमेशन सॉफ्टवेअरमध्ये संपण्याच्या तारखेची सोय असते, तिला 'किल डेट' म्हणतात. ती तारीख उलटली की फाइल आपोआप वाजायची थांबते. भजन, ओव्या, लोकगीतं, लोकवाद्यं, जुन्या कारागिरांच्या मुलाखती यांना अशी तारीख लागत नाही, त्यांचा वाटा साठ्यात निम्म्याहून जास्त ठेवा. दर तीन महिन्यांनी यादीवरून एकदा नजर फिरवा. कुणा पाहुण्यांचं निधन झालं असेल तर कार्यक्रमाआधी तसं सांगणारं एक वाक्य जोडा. आचारसंहिता लागली की राजकीय व्यक्तींच्या मुलाखती बाजूला काढा.

प्रश्न : रात्री २.४० ला आमचं केंद्र मुकं झालं ते सकाळी ६ ला माणूस आल्यावर कळलं. संगणक चालू होता, सॉफ्टवेअरवर गाणं 'प्ले' दिसत होतं. काय झालं असेल? (खटाव तालुका)

आधी लॉगरवरचं, म्हणजे प्रसारण सतत मुद्रित करून ठेवणाऱ्या यंत्रावरचं, त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण ऐका. लॉगर मिक्सरच्या तोंडाशी जोडलेला असेल तर त्याचा इथे उपयोग नाही. तो एका साध्या एफएम रिसीव्हरला जोडलेला हवा, म्हणजे हवेत नेमकं काय गेलं ते मिळतं. २.४० नंतर त्यात 'खस्स्' असा आवाज असेल तर कॅरियरच (आवाज वाहून नेणारी प्रक्षेपकाची लहर) गेला, म्हणजे दोष प्रक्षेपकाचा, अँटेनाचा किंवा विजेचा. खसखस नाही, नुसती गडद शांतता असेल तर प्रक्षेपक चालू होता आणि आवाज आतच कुठेतरी अडला. बारीक 'हूं' असेल तर केबल निघाली किंवा अर्थिंग गेलं.

सॉफ्टवेअरवर गाणं चालू दिसत होतं, यावरून आमचा अंदाज दुसऱ्या प्रकारचा, शांततेचा आहे. त्याची नेहमीची कारणं चार. यूएसबी साउंड कार्ड विंडोजने वीज वाचवायला झोपवलं. पॉवर सेटिंगमधला 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा. रात्रीच्या अपडेटने आवाजाचं डीफॉल्ट उपकरण बदलून मॉनिटरच्या स्पीकरवर नेलं. अपडेट दुपारी, माणूस समोर असताना करा. तिसरं, मुद्रण करणारा बटण बंद करायला विसरला आणि चाळीस मिनिटांच्या कार्यक्रमामागे तीन तासांची शांतता फाइलमध्येच आली. सॉफ्टवेअर अगदी प्रामाणिकपणे ती शांतता वाजवतं. साठ्यात घेताना फाइलची लांबी क्यू-शीटशी ताडून पाहिली की हे तिथेच पकडलं जातं. चौथं, वीज क्षणभर गेली, संगणक यूपीएसवर तगला, पण मिक्सर किंवा प्रक्षेपकाकडे जाणारी लिंक यूपीएसवर नव्हती.

बाराच्या ठोक्याची गडबड वेगळीच. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये यादी तारखेनुसार असते. ११ ते १२ ची यादी आजची, १२ ते ५ ची उद्याची. उद्याची भरायची राहिली की बरोबर बाराला सगळं थांबतं. तुमचं २.४० ला थांबलं, म्हणून ते कारण नव्हे, पण एक दिवस तेही होईल.

विजेचं थोडं अधिक सांगतो, कारण खटाव-माणमध्ये त्रास तिथूनच जास्त होतो. शेतीपंपांची थ्री-फेज आली की व्होल्टेज दबतं, पंप बंद झाले की एकदम उसळतं. पहाटे २६० पर्यंत गेलं की प्रक्षेपकाचा संरक्षक तो बंद पाडतो, आणि काही प्रक्षेपक माणसाने बटण दाबल्याशिवाय परत चालू होत नाहीत. १७० ते २७० व्होल्ट सांभाळणारा सर्व्हो स्टॅबिलायझर लावा आणि प्रक्षेपकाचं 'ऑटो रीस्टार्ट' चालू करा. संगणक, मिक्सर, लिंक आणि प्रक्षेपक मिळून सुमारे ४५० वॉट धरा. १२ व्होल्ट १५० एएचच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या म्हणजे कागदावर ३६०० वॉट-तास. इन्व्हर्टरची गळती आणि बॅटरी पूर्ण न उतरवण्याची मर्यादा धरून त्यातले २३०० च्या आसपास हाती येतात, म्हणजे पाच तास. इन्व्हर्टर 'यूपीएस' मोडवर ठेवा. साध्या मोडवर बदल होताना संगणक बंद पडून परत सुरू होतो.

आता मुख्य गोष्ट. माणूस नसलेल्या केंद्रात सायलेन्स डिटेक्टर हवाच. तोही त्या एफएम रिसीव्हरलाच जोडा. आवाज उणे ४० डीबीच्या खाली ३० सेकंद राहिला की त्याने दोन कामं करावीत: दुसऱ्या स्रोताकडे वळवणं आणि ठरलेल्या माणसाच्या फोनवर घंटा वाजवणं. दुसरा स्रोत म्हणजे दुसरा संगणकच हवा असं नाही. पेनड्राइव्हवर सहा तासांची भजनं असलेला साधा प्लेअर, मिक्सरला वळसा घालून थेट प्रक्षेपकाच्या तोंडाशी जोडलेला, पुरतो. प्रवचनात लोक दहा-बारा सेकंद थांबतात, म्हणून ३० च्या खाली जाऊ नका. केबलमधली 'हूं' उणे ३५ ची असली तर डिटेक्टरला ती आवाजच वाटते आणि तो गप्प बसतो. अशा वेळी आधी अर्थिंग दुरुस्त करा, मगच उणे ४० चा उंबरठा बदला. कॅरियर गेल्यावर येणारी खसखसही रिसीव्हरमधून मोठ्याने येते आणि डिटेक्टर फसतो, म्हणून रिसीव्हर म्यूट म्हणजे स्क्वेल्च (लहर गेली की आवाज बंद करणारी सोय) असलेला घ्या. एकच ओळ तासभर अडकून वाजत राहिली, तर ती कोणताही डिटेक्टर पकडत नाही. ती फक्त माणसाच्या कानाला कळते.

लॉगरचं राहिलं. सामुदायिक केंद्राला प्रसारित झालेलं सगळं तीन महिने जपून ठेवावं लागतं आणि पुनःप्रसारणही त्यात येतं. ६४ केबीपीएस मोनोने २४ तासांचे ६९१ एमबी, ९० दिवसांचे ६२ जीबी होतात.

प्रश्न : आम्ही कृष्णाकाठी राहतो. पावसाळ्यात रात्री रेडिओवर पुलाजवळची पाणीपातळी सांगितली, ती आदल्या संध्याकाळची निघाली. घाबरून जनावरं सोडली. यावर नियम नाही का? (मिरज तालुका)

पाणी उतरत असताना जुनी, वरची पातळी ऐकली म्हणून तुमची फक्त धावपळ झाली. पाणी चढत असताना जुनी, खालची पातळी ऐकू आली असती तर काय झालं असतं, ते लिहायलाही नको. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी आहे. चढत्या पाण्यात रात्रभरात काही फुटांचा फरक पडतो. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलेलं सगळ्यांनी पाहिलंय.

यावर आमचं मत ठाम आहे. पाणीपातळी, धरणाचा विसर्ग, रस्ता बंद, शाळा बंद हे शब्द असलेली कोणतीही फाइल पुनःप्रसारणाच्या साठ्यात जाताच कामा नये. कोयनेचे वक्री दरवाजे उघडले किंवा आयर्विनला इशारा पातळी आली, की रात्र परत थेट करा. त्या पंधरा-वीस रात्रींचं मानधन वर्षाच्या बचतीतून आधीच बाजूला काढून ठेवा. पैसे वाचवायची सोय वर्षातल्या उरलेल्या साडेतीनशे रात्रींत आहे.

पूर सांगून येतो, भूकंप नाही. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झाला, किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ४ च्या सुमारास. म्हणून ध्वनिमुद्रण चालू असताना मध्ये घुसता येईल अशी वाट प्रत्येक केंद्राला हवी. पहिली वाट म्हणजे जवळ राहणारा, किल्ली असलेला माणूस. दुसरी, ऑटोमेशनच्या संगणकावर घरून ताबा घेण्याची सोय. पूर आला की इंटरनेट जातं, म्हणून हिच्यावर एकटीवर विसंबू नका. तिसरी, टेलिफोन हायब्रिड: ठरलेल्या क्रमांकावर फोन केला, गुप्त आकडे दाबले की फोनवरचा आवाज थेट प्रक्षेपणात जातो. ही तिसरी वाट महिन्यातून एकदा पहाटे तपासा. गुप्त आकडे निदान तिघांना पाठ असू द्या.

सूचना देताना ठिकाण, नोंदीची वेळ, कुणी सांगितलं आणि पुढची सूचना कधी, या चार गोष्टी आल्याच पाहिजेत. 'पाणी वाढतंय' असं मोघम नको. 'आयर्विन पूल, पहाटे ३ ची नोंद, जिल्हा नियंत्रण कक्षाची माहिती, पुढची सूचना ४ वाजता' असं सांगा. खात्री जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाच्या १०७७ वरून करा, व्हॉट्सॲपवरून नाही. सूचना मुद्रित करून फिरवत असाल तर दोन तासांची किल डेट लावा. नियमांबद्दल विचारलंय तर, खासगी एफएमच्या २०११ च्या धोरणात स्थानिक प्रशासनाने दिलेल्या नैसर्गिक आपत्तीच्या सूचना बातम्यांत धरलेल्या नाहीत, त्या सांगता येतात. 'आम्हाला बातम्यांची परवानगी नाही' हे गप्प बसायचं कारण होऊ शकत नाही.

प्रश्न : मी नैमित्तिक निवेदिका आहे. माझाच आवाज रोज रात्री वाजतो, पण मानधन एकदाच मिळालं. मागता येईल का? (सातारा शहर)

आधी करार काढून वाचा. 'पुनःप्रसारणासह सर्व हक्क' असं लिहिलं असेल तर मागणं अवघड आहे, तरी विनंती करता येते. काहीच लिहिलेलं नसेल तर मागाच. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८ ने कलावंताला सादरीकरणावर हक्क दिलाय, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर ३८-अ मध्ये व्यावसायिक वापरासाठी रॉयल्टीचाही उल्लेख आहे. किती वेळा, किती महिने आणि दर वेळी मूळ मानधनाच्या किती टक्के, एवढी तीन वाक्यं पुढच्या करारात घाला. केंद्रांनाही सांगणं हेच. ज्यांची रात्रपाळी गेली, त्यांच्याच आवाजावर रात्र चालवायची आणि त्यांना काही द्यायचं नाही, हे बरं दिसत नाही. गाण्यांचंही तसंच, परवान्याच्या हिशोबात पुनःप्रसारणात वाजलेलं गाणं पुन्हा वाजलं म्हणूनच धरायचं.

प्रश्न : मोठ्या संस्थांनीही असं केलंय का? एकदा बंद केलेलं परत सुरू होतं का? (विटा)

दोन्ही प्रकार घडलेत. आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी १९८८ मध्ये सुरू झाली. नागपूरच्या १००० किलोवॉटच्या प्रक्षेपकावरून, १५६६ किलोहर्ट्झवर, ती संध्याकाळपासून सकाळपर्यंत रात्रभर चालायची आणि देशभर ऐकू यायची. खर्चकपातीत ती जानेवारी २०१९ मध्ये बंद झाली. ब्रिटनमध्ये बीबीसी रेडिओ २ ने २०१७ च्या सुरुवातीला मध्यरात्रीनंतरचे थेट कार्यक्रम काढून पुनःप्रसारणं आणि तयार गाण्यांच्या याद्या लावल्या. २०१८ मध्ये तिथे मध्यरात्रीचा निवेदक परत आला.

परत सुरू करायचं मनात असेल तर रात्रीच्या निवेदकांची यादी, त्यांचे फोन आणि स्टुडिओतला रात्रीचा माईक जागेवर ठेवा. आठवड्यातली एक रात्र, शक्यतो शनिवारची, थेटच राहू द्या. त्या एका रात्रीचे फोन मोजत चला: कुठून आले, किती वाजता आले, काय विचारलं. सहा महिन्यांनी समितीपुढे मांडायला ती वही लागेल.